खाली नाव कुणाचं?

भिंतीवर लिहायचं तर आधी घरमालकाला विचारावं लागतं. निवडणुकीच्या रंगकामातला हा पहिला नियम. माझ्या चुलत्यांनी, आप्पांनी, माझ्या हातात ब्रश देण्याआधी तो सांगितला होता. मुरबाड-कर्जत रस्त्यावरच्या म्हसा गावात आमचं घर दोन पिढ्या रंगकामावर चाललं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, शाळेच्या भिंतींवरचे नकाशे, यात्रेतल्या पालांचे फलक, आणि निवडणूक लागली की भिंती. आप्पांनी १९५७ साली पहिली भिंत रंगवली. मी शेवटची रंगवली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात बहुतेक सगळ्या पक्षांची चिन्हं आमच्या हाताखालून गेली, आणि प्रचारातला राग कुठून निघतो, कुठे जातो, हे आम्ही जवळून पाहिलं. तेच लिहून ठेवतो आहे, कारण आताची पोरं म्हणतात, "आधी असं नव्हतं," आणि म्हातारे माना डोलावतात. राग आधीही होता, भरपूर होता. तो राहायचा कुठे आणि विझायचा कसा, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडला आहे.

आधी काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कळीचा चुना रात्री भिजत घालायचा आणि सकाळी फडक्यातून गाळून घ्यायचा. त्यात सरसाचं किंवा डिंकाचं पाणी घालायचं, नाहीतर टेकणाऱ्याची पाठ पांढरी होते. चिमूटभर नीळ टाकली की पांढरं उठून दिसतं. लाल म्हणजे गेरू, पिवळी म्हणजे पिवडी, काळं म्हणजे चुलीवरची काजळी. मोठा कुंचला शिंदीच्या देठाचं टोक ठेचून घरीच करायचा. ओळ सरळ यावी म्हणून दोरा निळीच्या पाण्यात भिजवून दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा, मधे चिमटीत उचलून सोडायचा. भिंतीवर एक बारीक निळी रेघ उमटते आणि अक्षरं तिच्यावर बसतात. अक्षर हाताने काढायचं. चिन्हाला मात्र पत्र्यात कापलेला साचा, कारण चिन्ह हुकलं तर मत हुकलं. आणि सगळ्यात शेवटी, खालच्या उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, लिहून घेणाऱ्याचं नाव. "खाली नाव कुणाचं?" एवढं विचारल्याशिवाय आप्पा चुन्याच्या बादलीला हात लावत नसत. मजुरी ठरायची ती त्यानंतर.

मुंबई राज्यात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान जानेवारी १९५२ मध्ये झालं, म्हणजे पौषाच्या दिवसांत. आणि पौष पौर्णिमेला म्हशाला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. आम्ही म्हसोबाची यात्रा म्हणतो. घोंगड्या, भांडी, पाळणे, तमाशे सगळं असतं, पण यात्रेचा जीव बैलबाजारात. घाट उतरून डांगी बैल येतात, काळेपांढरे, तेलकट अंगाचे, धो धो पावसात चिखलणीला न हटणारे. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव करतात. आता विचार करा, अशा मुलखात काँग्रेसचं चिन्ह होतं जू खांद्यावर घेतलेली बैलजोडी. शिक्का मारायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, आपल्याला हव्या त्या पेटीत कागद टाकून यायचं. आजोबा म्हणायचे, "बैलाला नाय म्हणायचं कसं?" समाजवाद्यांचं वडाचं झाड होतं, कम्युनिस्टांचं विळा-कणीस, जनसंघाची पणती. अक्षर न येणाऱ्या माणसासाठी निवडणूक आयोगाने चिन्हं आणली, पण चिन्ह डोळ्याला दिसतं आणि थेट काळजाला भिडतं, हे पक्षांना पहिल्याच फेरीत कळलं. भावनेचं राजकारण मोबाइलमधून आलं म्हणणाऱ्यांनी ती पेटी आठवावी.

१९५७ला हवा पार बदलली. संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटलेला, गोळीबारात माणसं गेलेली. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झाला आणि कल्याणहून येणाऱ्या एसटीने आमच्याकडे पोचायचा. एकाने वाचायचा, वीस जणांनी ऐकायचा. अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांची कवनं गावोगाव पाठ झाली होती. आमच्या ठाणे जिल्ह्याला चळवळीचं वळण आधीपासूनचं. इथून जवळच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. टिटवाळ्याला ७ जानेवारी १९४५ रोजी किसान सभेची परिषद भरली आणि तिथून पुढे गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने वारल्यांचा लढा उभा राहिला. १९५७ला शामराव ठाण्यातून लोकसभेवर गेले. त्या प्रचारातली भाषा आज कुणी छापली तर लोक कानांवर हात ठेवतील. द्वैभाषिक राज्याच्या बाजूने राहणारा तो 'सूर्याजी पिसाळ', मग तो मुंबईतला मंत्री असो की गावातला पंच.

आप्पा तेव्हा विशी-बाविशीतले. संयुक्त महाराष्ट्र समितीचा एक कार्यकर्ता त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, वेशीजवळच्या भिंतीवर गावातल्या अमक्याचं नाव लिही आणि पुढे सूर्याजी पिसाळ लिही. तो अमका काँग्रेसचा, खादीवाला, सरळ माणूस. आप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला. कार्यकर्ता म्हणाला, "समितीचं." आप्पा म्हणाले, "समिती कुठं राहते? माणसाचं सांग." थोडा वेळ घालमेल झाली, मग त्याने स्वतःचं नाव दिलं. भिंतीच्या मालकालाही विचारलं, त्याने मान हलवली. आप्पांनी लिहिलं. तिसऱ्या दिवशी खादीवाला भिंतीपुढे उभा राहून सगळं वाचून गेला, खालचं नावही. संध्याकाळी तो त्या कार्यकर्त्याच्या पडवीत जाऊन बसला. दिवे लागले तरी आवाज चालूच होता. शिव्या झाल्या, बायकामाणसं मधे पडली, दोघांचं बोलणं बंद झालं. ते पुढे चालू झालं आवणीला. दोघांकडे एक-एकच बैल होता आणि वर्षानुवर्षं त्यांची सावड होती. एका बैलाने चिखलणी होत नाही. जून लागला, भात लावायचं होतं, सावड चालू राहिली. तोवर दोन जोरदार सरी पडून गेल्या होत्या आणि भिंतीवरचा गेरू ओघळून नाल्याला गेला होता. आप्पा ही गोष्ट सांगायचे तेव्हा पावसावर नेहमी थांबायचे. त्या काळच्या निवडणुका बहुतेक फेब्रुवारी-मार्चात व्हायच्या, आणि चुन्याचं लिखाण जूनच्या पुढे टिकत नसे.

यावरून जुनं सगळं गोड होतं असं कुणी समजू नये. मला तसं म्हणायचं नाही आणि ते खरंही नाही. गावात वाळीत टाकणं होतं, आणि ज्यांची वस्ती गावाबाहेर होती त्यांच्या भिंतीला विचारायला कुणी जात नव्हतं, तिथे परस्पर लिहिलं जायचं. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडी पेटली. आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर माणसं कापली गेली, घरं जाळली गेली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाला त्याची चौकशी करावी लागली. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्याखेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता. अफवा पायी, सायकलवर, एसटीत बसून गेली. माणसाला माणसाविरुद्ध उभं करायला यंत्र लागतंच असं नाही.

माझं स्वतःचं काम सुरू झालं ते काँग्रेसची बैलजोडी गेल्यावर. १९६९ साली पक्ष फुटला, चिन्ह गोठलं, इंदिराबाईंकडे गाय-वासरू आलं. १९७७ला जनता पक्षाचा चक्रातला नांगरधारी शेतकरी आला. साचा कापायला हे चिन्ह सगळ्यात अवघड, नांगराचा फाळ आणि शेतकऱ्याचा खांदा एकमेकांत मिसळतो. त्या वर्षी रामभाऊ म्हाळगी ठाण्यातून निवडून आले, डहाणूतून कॉम्रेड लहानू कोम. आणीबाणीचा राग होता, नसबंदीची धास्ती होती, आणि ती बोलून दाखवायला लोकांना पहिल्यांदा जागा मिळाली होती.

पण मला विशेष आठवते ती १९८०ची. लोकसभेचं मतदान ३ आणि ६ जानेवारीला होतं. त्या साली पौष पौर्णिमा पडली २ जानेवारीला. आणि २ जानेवारी हा सिद्धगडाचा हुतात्मा दिन, सगळ्या पक्षांची माणसं तिथे फुलं वाहायला येतात. म्हणजे यात्रा, हुतात्मा दिन आणि निवडणूक, तिन्ही एकाच आठवड्यात, एकाच रस्त्यावर. माझ्या हाताला उसंत नव्हती. इंदिरा काँग्रेसचा पंजा आणि जनताचा शेतकरी शेजारशेजारच्या पालांवर. घोंगडीवाल्याने दोन्ही लावून घेतले, म्हणाला गिऱ्हाईक दोन्हीकडचं येतं. तमाशात सोंगाड्या बतावणीत एकदा दिल्लीच्या बाईला चिमटा काढायचा, लगेच दिल्लीच्या म्हाताऱ्यांना. इकडचे शिट्ट्या मारायचे तेव्हा तिकडचे गप्प, मग उलट. बैलबाजारात दोन गट हमरीतुमरीवर आले, मारामारीही झाली. पण ती मारामारी करणाऱ्यांना एकमेकांची गावं माहीत होती, बैलांची नावं माहीत होती, आणि पुढच्या पौषात त्याच जागी खुंटे ठोकायचे होते. ज्याला उद्या तोंड दाखवायचं आहे तो आज किती बोलायचं याचा हिशोब ठेवतो. माझ्या मते आमच्या राजकारणाला एवढाच एक बांध होता. तो मातीचा होता आणि अनेकदा फुटला, पण होता.

कायदाही याच बांधावर उभा होता. लोकप्रतिनिधी कायद्याच्या १२७-अ कलमाने निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता लागतो. आप्पांना हे कलम माहीत नव्हतं, पण मुरबाडच्या छापखान्यातून येणाऱ्या पत्रकाखालची ती बारीक ओळ ते बोटाने दाखवायचे आणि म्हणायचे, "बघ, कागदालाही बाप लागतो." डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारसभांत बाळासाहेब ठाकऱ्यांनी धर्माच्या नावाने मतं मागितली असा दावा कोर्टात गेला. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली, ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, आणि पुढे ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. निकालाबद्दल कुणाचं मत काहीही असो. मी बघतो ते हे की कोर्टापुढे तारीख होती, मैदान होतं, बोलणारा होता. शब्दाला धनी असेल तरच कायद्याला धरायला काही मिळतं.

मघाशी सांगितलेल्या भिवंडीचं पुढचंही सांगायला हवं, कारण आज आम्ही म्हसा, मुरबाड, शहापूरचे सगळे भिवंडी लोकसभा मतदारसंघात आहोत. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं, यंत्रमागवाले, भाजीवाले, एका सतरंजीवर ठरावीक दिवशी बसायची. नळावरच्या भांडणापासून सगळं तिथे निघायचं. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. जे गाव दंगलीसाठी कुप्रसिद्ध होतं तेच. अफवा आली तरी ती ज्याच्याबद्दल आहे तो माणूस समोर बसलेला होता, त्याला विचारता येत होतं. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातली ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि ती शाळेत शिकवली जात नाही याची खंत वाटते.

रंगकाम संपलं ते हळूहळू. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि भिंतींवर नजर आली. १९९५ला महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा झाला. मग फ्लेक्स आला. रातोरात छापून मिळतो, फोटो खरा दिसतो, चेहऱ्याला रंग भरावा लागत नाही. मी दोन वर्षं धंदा धरून ठेवला आणि मग फ्लेक्सच्या दुकानात मजकूर लावायला बसलो. फ्लेक्सवर शुभेच्छुकांची वीस-वीस तोंडं असायची. निदान नावं तरी होती.

मग ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं. आमच्या वाड्या-पाड्यांत नळ पोचला नव्हता तिथे डेटा पोचला. मुंबईत कमावणाऱ्या पोराचा चेहरा आईला रोज दिसू लागला, शहापूरच्या पाड्यावरची मुलगी पोलीस भरतीचा अभ्यास मोबाइलवर करू लागली. हे मी कधीच कमी लेखणार नाही. पण त्याच वाटेने दुसरंही आलं. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे संदेश फिरत होते. त्या पाचही जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. तोच संदेश आमच्या फोनवरही आला होता, फक्त गावाचं नाव बदललेलं. आमची यात्रा अशाच अनोळखी माणसांवर उभी आहे: नंदीबैलवाले, घिसाडी, वैदू, पोतराज. पिढ्यानपिढ्या ते येतात, ओळखपत्र कुणी मागत नाही. त्या पावसाळ्यात आमच्या आळीत एक नंदीबैलवाला आला तर बायकांनी पोरं घरात ओढून कड्या लावल्या. तो बराच वेळ गुबूगुबू वाजवत उभा राहिला. मी बाहेर जाऊन त्याच्याशी बोललो, चहा पाजला, आणि मुरबाडच्या गाडीत बसवून दिलं. त्याच्या आजाच्या गाडीची फळी आप्पांनी रंगवली होती.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसं गेल्यावर पाच. मी या आकड्यांवरून काही सुचवत नाही, पण ते विसरता येत नाहीत.

दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२०ला, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेत मारले गेले. डहाणू २०१४पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं. ती बातमी बाहेर पडताच दूरदूरच्या लोकांनी तिला हिंदू-मुसलमान रंग दिला. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करावी लागली, त्यात एकही मुसलमान नाही हे दाखवायला. अफवेखाली एक नाव नव्हतं. तिला उत्तर द्यायला सरकारला १०१ नावं लिहावी लागली.

माझ्या भाचीने मला एक संशोधन वाचून समजावलं. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या अभ्यासकांनी ट्विटरवरच्या सव्वा लाखाच्या आसपास बातम्या तपासल्या. खोटी बातमी खऱ्या बातमीपेक्षा लांब आणि लवकर पोचते, आणि राजकीय खोटं सगळ्यांत वेगाने. यंत्रांपेक्षा माणसंच ते पसरवतात. खोट्याला मिळणाऱ्या उत्तरांत आश्चर्य, भीती, किळस जास्त सापडली. तिने आणखी एक सांगितलं. फेसबुकने २०१७ साली रागाच्या चिन्हाला साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिलं होतं, म्हणजे लोक चिडतील तो मजकूर आणखी लोकांपुढे जायचा. हे २०२१ला बाहेर आलेल्या त्यांच्याच कागदांतून कळलं. मी रंगकाम करणारा माणूस. कुठल्या भिंतीवर लिहिलं तर जास्त डोळे पडतात हे मला कळतं. वेशीवरची भिंत महाग असते. पण भांडण लागेल त्या भिंतीला पाचपट किंमत द्यायची, असा व्यवहार आमच्या धंद्यात कुणी केला नव्हता.

आता आमच्याकडच्या निवडणुका बघा, आणि नेत्यांची चिन्हं बघा. शहापुरात २०१४ला राष्ट्रवादीच्या घड्याळावर पांडुरंग बरोरा जिंकले आणि शिवसेनेच्या धनुष्यबाणावर दौलत दरोडा हरले. २०१९ला दरोडा घड्याळावर आणि बरोरा धनुष्यबाणावर, जिंकले दरोडा. २०२४ला दरोडा अजित पवारांच्या घड्याळावर, बरोरा शरद पवारांच्या तुतारीवर. दरोडा दोन हजारांहून कमी मतांनी निघाले. मुरबाडचे किसन कथोरे २००९ला घड्याळावर होते, २०१४पासून कमळावर. भिवंडीचे कपिल पाटील २०१४ला राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आले आणि दोनदा खासदार झाले. २० मे २०२४च्या मतदानात त्यांना हरवणारे सुरेश म्हात्रे, बाळ्यामामा, २०१४ला मनसेकडून लढले होते. मी कुणावर टीका करत नाही. राजकारणात बाजू बदलते, नेते पुन्हा एका मंचावर हार घालून घेतात. पण त्यांच्यासाठी ज्या पोरांनी शेजाऱ्याला फोनवर गद्दार, देशद्रोही, अंधभक्त, गुलाम म्हटलं, त्यांना कुणी मंचावर बोलावत नाही. चुना-गेरू पावसाने धुऊन जायचा. फोनमधलं तसंच राहतं, कुणीतरी त्याचा फोटो काढून ठेवलेला असतो, आणि पुढच्या निवडणुकीत तो पुन्हा बाहेर येतो.

भिवंडी मतदारसंघात आगरी विरुद्ध कुणबी ही कुजबुज प्रत्येक लोकसभेला असते. पूर्वी ती लग्नात, बाजारात, दबक्या आवाजात चालायची आणि समोर दुसऱ्या समाजाचा माणूस आला की थांबायची. २०२४ला ती आवाज लावून फिरली. कोण बोलतो आहे हे कळत नव्हतं, चेहरा नव्हता, चित्रावर चित्र आणि मागे संगीत. मराठा आरक्षणाच्या वादाने तिकडे बीडमध्ये तर कुणी कुणाच्या दुकानात जायचं इथपर्यंत पोस्टी गेल्या. ते पडसाद आमच्या कुणब्यांच्या गटांत यायला वेळ लागला नाही. मतदानाआधी ४८ तास प्रचार बंद करायचा कायदा आहे. भोंगे बंद झाले, गाड्यांवरचे झेंडे उतरले, पण फोन रात्री दोनलाही वाजत होता.

आणि या सगळ्यात काय राहून गेलं ते मला जास्त टोचतं. शहापूर तालुक्यात तानसा, भातसा, वैतरणेची धरणं. मुंबई त्यांच्यावर जगते. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर. कल्याण-मुरबाड रेल्वे मी किती उमेदवारांसाठी भिंतीवर लिहिली, साच्याविना डोळे मिटून लिहिता येईल. गाडी अजून आली नाही. १९८०च्या यात्रेत लोक दिल्लीवरून भांडले तरी विहिरीवरूनही भांडायचे. २०२४च्या मे महिन्यात, टँकरच्या ऐन दिवसांत, आमच्या गावच्या गटावर मी पाण्याबद्दल एक ओळ टाकली. तिच्यावर आणि तिच्याखाली कुठल्यातरी दूरच्या राज्यातल्या देवळाच्या आणि मशिदीच्या चित्रफिती धडाधड येत राहिल्या, पाच मिनिटांत ती दिसेनाशी झाली. पाण्याच्या रागाला उत्तरदायी माणूस इथेच, तालुक्याला सापडतो. त्या चित्रफितीतल्या रागाला आमच्या हाती कुणीच सापडत नाही, म्हणून तो शेजाऱ्यावर निघतो.

लोकसभा झाल्यावर आम्ही काही जण शाळेच्या ओट्यावर बसलो. वेगवेगळ्या पक्षांचे होतो. मी आप्पांचा प्रश्न मांडला. गटावर काही पुढे पाठवायचं तर खाली लिहायचं: हे मी पाहिलं, किंवा हे मला अमक्याने सांगितलं, आणि स्वतःचं नाव. नाव लिहायची तयारी नसेल तर पाठवायचं नाही. बराच वाद झाला. एक जण म्हणाला, म्हाताऱ्याला अजून भिंतीच दिसतात. काही जण गट सोडून गेले आणि त्यांनी दुसरा काढला, तिथे सगळं पूर्वीसारखं चालू आहे. राहिलेल्यांनी नियम पाळला, पूर्ण नाही, बराचसा. विधानसभेच्या प्रचारात, नोव्हेंबरात, आमच्या गटावर चित्रफिती कमी आल्या. त्याऐवजी एका पोराने गावच्या पाण्याच्या टाकीचा फोटो टाकला, फुटलेला व्हॉल्व्ह दाखवला, खाली लिहिलं की हे मी आज सकाळी पाहिलं, आणि कंत्राट कुणी घेतलं होतं तेही लिहिलं. ज्याचं नाव आलं तो त्याच गटात होता. तो भडकला. त्याने उलट लिहिलं, त्याचंही नाव खाली होतं. दोन दिवस दोघांची जुंपली, घरच्यांवर गेलं, मला दोन्हीकडून फोन आले. शेवटी दोघांनाही सांगितलं की ग्रामसभेत या आणि बिलं घेऊन या. दोघेही आले. टाकीचं काम कुणी खाल्लं यावर तिथे मोठ्याने भांडण झालं, ग्रामसेवकाने इतिवृत्तात ते नावानिशी लिहून घेतलं, आणि टाकीची चौकशी आता पंचायत समितीकडे आहे.